तवंगाचे दोन गिलास

धानोऱ्याकडच्या गावांत मला अजून नर्सबाईच म्हणतात. तिथल्या निम्म्या लोकांच्या दंडाला कधी ना कधी मी सुई टोचलेली आहे, त्यामुळे ते नाव पक्कं बसलं. निवृत्त होऊन वडशाला राहायला आले आणि दुसरं नाव पडलं, गिलासवाली. मी एखाद्या दारात उभी राहिले की आतून आवाज येतो, "आली वं गिलासवाली. आलमारी दाखव तिले." मला त्याचा राग येत नाही. रागीट म्हणून मी पंचक्रोशीत ठाऊक आहे, पण तो राग खर्च करायला दुसऱ्या जागा आहेत.

मी जमवते ते गिलास जाड काचेचे, साच्यात दाबून काढलेले. अंगावर मोर, मासे, द्राक्षाचे घोस असं काहीतरी उठलेलं असतं. मूळ रंग झेंडूसारखा, पण उन्हात धरून फिरवला की त्यावर निळा, जांभळा, हिरवा असे रंग पळतात. पाण्यावर रॉकेलचा थेंब पडला की जसा तवंग पसरतो, अगदी तसा. काच गरम असतानाच तिच्यावर धातूचं कसलंसं औषध फवारत आणि त्याचा हा पापुद्रा, एवढं मला फोनवर पाहून कळलं. पूर्वी फिरोजाबादेहून बांगड्यांच्या पेट्या यायच्या, त्यांच्याबरोबर हे गिलासही आमच्या मुलखात यायचे आणि मंडईत विकले जायचे. मंडई म्हणजे आमच्याकडे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगाव भरते ती जत्रा, दिवसा दुकानं आणि पाळणे, रात्री नाटक. या काचेला दुकानदार काय म्हणत ते मला आठवत नाही. मी तवंगाचे गिलास म्हणते आणि माझ्यापुरतं ते भागतं.

सध्या माझ्याकडे त्रेचाळीस नग आहेत. दोन फुलदाण्या, एक साखरेचं भांडं आणि बाकी सगळे गिलास. वडशाच्या माझ्या दोन खोल्यांत पूर्वेच्या खिडकीसमोर काचेची आलमारी ठेवली आहे. सकाळी आठच्या सुमारास तिच्यावर ऊन येतं आणि अर्धा तास राहतं. तेवढ्या वेळात भिंत, फरशी, माझी साडी, सगळं रंगून जातं. परवापरवापर्यंत मी तेव्हा चहा घेऊन खुर्चीत बसायची. 'अगं बघ, बघ' असं म्हणायला बाजूला कुणी नाही, हे त्या अर्ध्या तासात जेवढं टोचायचं तेवढं उरलेल्या दिवसात टोचत नसे. मग ऊन सरकायचं आणि मी उठून कप धुवायची.

या त्रेचाळीसमध्ये माझा स्वतःचा म्हणावा असा एकच गिलास आहे. बाकीचे लोकांच्या घरून आलेले. आणि तो एक जोडीतला आहे. जोडीतला दुसरा आरमोरीला माझ्या मोठ्या बहिणीकडे. मोठ्या बहिणीला आमच्या घरात बाई म्हणत, मीही तेच म्हणते. रक्ताचं म्हणावं असं मला जगात तेवढंच माणूस उरलं आहे. गेल्या दिवाळीपर्यंत अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. वडशाहून आरमोरीला बसनं पाऊण तासही लागत नाही.

ते दोन गिलास बाबांनी जिंकले होते. बाबा आरमोरीच्या राइस मिलमध्ये हमाली करायचे. पोती वाहून त्यांचा उजवा खांदा खाली उतरला होता. मी पाच वर्षांची आणि बाई बारा वर्षांची असताना ते आम्हाला मंडईला घेऊन गेले. तिथे रिंग फेकायच्या दुकानात लाकडी ठोकळ्यांवर साबण, आरसे, कंगवे मांडलेले होते आणि सगळ्यात मागच्या ओळीत हे गिलास. दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. बाईनं बोट दाखवलं, मी लगेच तेच मागितलं. खांद्यामुळे बाबांची प्रत्येक रिंग डावीकडे जायची. दुकानदार हसायला लागला तेव्हा बाबांनी युक्ती केली, पायच उजवीकडे सरकवून तिरके उभे राहिले आणि एक गिलास मारला. मी टाळ्या पिटल्या. दुकानदारानं गिलास पुढे केला, तरी बाबा तिथून हलेनात. म्हणाले, "पोरी दोन आहेत. एक कसा नेऊ?" दुसरा मिळेपर्यंत ऊन उतरलं होतं. घरी आल्यावर माय पुष्कळ बोलली त्यांना, आणि मग दोन्ही गिलास पदरानं पुसून वर फळीवर ठेवले.

बाबा मी शिकत असतानाच गेले. बाईच्या लग्नात मायनं एक गिलास तिला दिला आणि मला नोकरी लागली तेव्हा दुसरा मला. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हा प्रश्न लोकांनी मला इतक्यांदा विचारला आहे की आता मी उलट त्यांना विचारते, तुम्ही काऊन केलं? तर सांगायचं ते असं की माझा गिलास बदल्यांबरोबर फिरला, धानोऱ्याच्या उपकेंद्रात राहिला, पण मी त्यातून कधी पाणी प्याले नाही. कापसात गुंडाळून ट्रंकेत ठेवायची. वर्षातून एकदा काढून उन्हात धरायची आणि परत ठेवायची. गेल्या दिवाळीपर्यंत तो काल भट्टीतून निघाल्यासारखा होता.

मायला लकवा झाला तेव्हा ती बाईकडेच होती. उजवं अंग पूर्ण गेलं, वाचाही अर्धी गेली. तशी ती नऊ वर्षं जगली. मी नर्स, पण माझं काम जंगलातल्या वीस-पंचवीस गावांत. महिन्यातून एकदा आरमोरीला जायची. जाताना गोळ्या, पावडर, मऊ फळं न्यायची, मायचा बीपी बघायची, पाठीला जखम झाली का ते तपासायची. पाणीसुद्धा मीच चमच्यानं पाजायची, माहीतगार ना मी. बाईला दोन-चार सूचना द्यायची. ती "हो" म्हणायची. दोन तासांनी माझी बस असायची.

माय गेली. जलदानाचा कार्यक्रम झाला, विहारातले लोक वंदना म्हणून गेले, पंगती उठल्या. मी परसात गेले तर शेजारच्या बायका भांडी घासत होत्या, आणि भांडी घासायच्या दगडावर, राखेच्या ढिगाशी, बाईचा गिलास पालथा पडला होता. आधी मला तो ओळखूच आला नाही. रंगाचा मागमूस नव्हता. साधी पांढुरकी, धुरकट काच. मोर होते म्हणून कळलं. मी तो उचलला आणि माझा तोल गेला.

"हे काय करून ठेवलं याचं?"

बाई दारात उभी होती. म्हणाली, "रोज घासते त्याले. गेला रंग."

"बाबाची एवढी एक वस्तू होती. तेही तुले सांभाळता आलं नाई?"

घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे जागरणानं लाल होते, तेवढं मला दिसलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुहं. मले काहीच सांभाळता नाई आलं." मग तिनं माझ्या हातातून गिलास घेतला, विसळला आणि आत गेली. मी त्याच संध्याकाळच्या बसनं परतले. बसमध्ये मला वाटत होतं की मी बोलले ते खरंच होतं आणि खरं बोलायला घाबरायचं कशाला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. पहिलं वर्ष रागात गेलं आणि दुसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली. लाजेत वर्षं फार भरभर जातात.

मी गिलास जमवायला लागले ते तेव्हापासून. खरं म्हणजे मला जमवायचे नव्हतेच. मला एकच हवा होता, माझ्या गिलासाचा जोडीदार, रंग शाबूत असलेला. पाठीला पाठ लावून बसलेले दोन मोर आणि मध्ये द्राक्षाचा वेल. तो सापडला की जोडी पुरी होईल आणि बाईनं केलेलं नुकसान भरून निघेल, असा माझा हिशेब. नोकरीची शेवटची वर्षं लसीकरणाच्या फेऱ्यांत मी बाळाला सुई टोचता टोचता घरातल्या फळ्यांवर नजर फिरवायची. कुठे मासे मिळाले, कुठे हत्ती, कुठे नुसत्या रेघा. माझे मोर मिळेनात. मिळालेले टाकवत नव्हते, म्हणून त्रेचाळीस झाले.

या फिरण्यात मला एक गोष्ट कळली. दुसऱ्या मुलखात असे गिलास फुटून जात असतील. आमच्याकडे ते पुसले जातात. आमचा मुलूख धानाचा. राइस मिलच्या मागे तुसाचे डोंगर असतात, घरोघरी ते तूस चुलीत जाळतात आणि त्याच राखेनं भांडी घासतात. स्टील, पितळ लखलखीत निघतं. पण त्या राखेला बारीक वाळूसारखी धार असते. तवंगाच्या काचेवर ती रोज फिरली की पापुद्रा उडतो. आधी उठावावरचा जातो, मोराची छाती, पंखाचं टोक. मग ओठ लागतात ती कड. शेवटी फक्त खाचांत थोडा रंग उरतो. मी बायकांना सांगायची, बायांनो, हे राखेनं घासू नका. त्या म्हणायच्या, "मंग कशानं घासाव, नर्सबाई? गिलास आहे ना तो?"

कुठे किती रंग गेला ते पाहून गिलासाची जन्मकुंडली सांगायचा मला नाद लागला. हा नुसता आलमारीत बसलेला. हा वर्षातून चारदा पाहुण्यांपुढे आलेला. हा रोजचा. घरातले लोक चकित व्हायचे आणि मी फुगायची. पुसलेला गिलास मात्र मी कधी घेतला नाही. "गेला हा," म्हणून खाली ठेवायची, एखाद्या रोग्याची नाडी पाहून सांगावं तसं.

गेल्या दिवाळीनंतर बाजारात बांगड्या भरताना एकीनं सांगितलं की जुन्या बाजारामागे एक म्हातारी खाला राहते, तिच्याकडे तुमच्यासारखे गिलास आहेत. तिच्या नवऱ्यानं जन्मभर बांगड्यांचा धंदा केला, गावोगावच्या मंडईत पेटी घेऊन बसायचा. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. खाला ऐंशीच्या पुढची, ओट्यावर ऊन घेत बसलेली. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर ती भिंतीला धरून आत गेली आणि दोन्ही हातांत एकेक गिलास घेऊन आली.

पाठीला पाठ लावून बसलेले मोर. मध्ये द्राक्षाचा वेल.  एक गिलास झेंडूच्या फुलासारखा पेटलेला होता, कुठे ओरखडा नाही. दुसरा पार पुसलेला, बाईच्या गिलासासारखा.

"हा घेऊन जा," खालानं चमकता गिलास पुढे केला. "सारी उमर आलमारीत बसून आहे. मले काय करायचं? दुसरा नाई देत."

"दुसरा नकोच आहे मला खाला. तो खराब झाला."

ती रागावली नाही. हसली. "खराब? अवं बाई, आमचे हे होते ना, शेवटची सहा साल त्याहीचा हात कापे. हजारो बायांच्या हातात चुड्या चढवल्या, एक टिचू नाई देल्ली, तोच हात. स्टीलचा गिलास सटकून जाये. पितळीचा भारी पडे. मी पाजलं तं त्याहीले शरम वाटे. मंग एक दिवस हा देल्ला. हे मोर बोटाले अटकतात, पाहा. आपल्या हातानं पेत शेवटपर्यंत. दिवसातून दहा बार धुवा लागे, मंग रंग कुठी राह्यते? धरून तं पाहा."

तिनं तो माझ्या हातात दिला. मी डाव्या हातानं धरला. मोराच्या पाठीखाली जिथे काच सगळ्यात गुळगुळीत झाली होती तिथे माझा अंगठा आपोआप बसला, आणि पलीकडे चार बोटं वेलाच्या खाचांत. गिलास हलेना की सटकेना.

मायचं उजवं अंग गेलं होतं. डावा हात तेवढा होता, तोही कमजोर. लकव्याच्या रोग्याला गुळगुळीत भांडं धरवत नाही, त्याला कापड गुंडाळा, हे मी धानोऱ्याच्या किती घरांत सांगितलं असेल त्याला गणती नाही. आणि माझ्या मायला मी चमच्यानं पाणी पाजत होते, महिन्यातून दोन तास. बाकीचे दिवस ती पाणी कशी पीत होती हे मी एकदाही विचारलं नाही. दुसऱ्यांचे गिलास हातात घेऊन त्यांची कुंडली सांगणारी मी, माझ्या बहिणीचा गिलास हातात होता तेव्हा मला काही वाचता आलं नाही. वाचायचंच नव्हतं मला. आणि मी बोलले काय, तर सांभाळता आलं नाही. नऊ वर्षं सांभाळणाऱ्या बाईला, डोळ्यांतलं जागरण अजून उतरलं नसताना, चार बायकांत.

"नको खाला, राहू द्या," मी दोन्ही गिलास तिच्या पुढ्यात ठेवले.

"काऊन? पसंत नाई आला?"

मी काहीतरी पुटपुटले आणि निघाले. जो गिलास अकरा वर्षं शोधला तो सोडून आले, आणि घरी येईपर्यंत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

आरमोरीला जायला मला आणखी तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी गुडघा दुखला. दुसऱ्या दिवशी वाटलं आधी फोन करावा, आणि नंबर फिरवून कापला. तिसऱ्या दिवशी कुठलंही निमित्त सापडलं नाही, नुसतीच बसून राहिले. चौथ्या दिवशी माझा गिलास कापसात गुंडाळून पिशवीत घातला आणि सकाळची बस धरली. गिलास का घेतला ते मलाही नीट माहीत नव्हतं. रिकाम्या हातानं जायचं धैर्य नव्हतं, एवढंच.

बाई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. नवरा गेला, मुलगा पुण्याला, घरात तीही एकटीच. त्र्याहत्तर वर्षांची झाली आहे ती. केस पांढरे झालेत आणि बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेत. माझी सावली सुपावर पडली तेव्हा तिनं वर पाहिलं. 

"ये," ती म्हणाली. "बस."

ती आत जाऊन स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन आली. गिलास तिनं दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता, बोटांनी नाही. ते मला दिसलं. मी पाणी प्याले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. ती सुपातले खडे वेचत राहिली. मग एकदम सूप बाजूला ठेवून उठली, आत गेली आणि धुवट लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे. यासाठीच आली ना? सारे सांगतात, नर्सबाई गावोगाव गिलास मागत फिरते. धानोऱ्याले गेली, कुरखेड्याले गेली. मी म्हणो, माह्या दारी कधी येते पाहू. अकरा वर्षं लागली."

मी तो तुकडा उघडला नाही. मला उघडायची गरज नव्हती. सगळ्या तालुक्यात मी दारोदार गेले होते, एक हिचं दार सोडून, आणि हे ती बसल्या जागी ऐकत होती.

"बाई," मी म्हटलं, "माय याच्यातूनच पाणी पेत होती ना? डाव्या हातानं?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"पहिल्या वर्षी पाच स्टीलचे पाडून पाडून चेंबवले तिनं. पडला का रडे. मंग हा काढला. हा धरला का सोडेच नाई. झोपली तरी हातात. मी काढून घासो, फिरून देवो." मग ती म्हणाली, "गेली त्या सकाळीबी यातूनच दोन घोट पेली. तूच उचलला ना तो दगडावरून. तिच्या तोंडचा शेवटचा."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं होतं?"

मी रडले. मी सहसा रडत नाही, पण तिथे अंगणात, दिवसाउजेडी, तोंडाला पदर न लावता रडले. "चुकलं बाई माझं. फार वाईट बोलले मी."

ती उठून माझ्याजवळ आली नाही. मला वाटलं होतं येईल. ती जागच्या जागी बसून म्हणाली, "मले आता रडू येत नाई. तेव्हा आली असतीस तं आलं असतं." हे तिनं रागानं म्हटलं नाही. तांदळात खडे आहेत म्हणावं तसं म्हटलं.

मग मी पिशवीतून माझा गिलास काढला, कापूस सोडवला. ऊन डोक्यावर आलं होतं. तिनं तो घेतला, उन्हात फिरवला. निळा, जांभळा रंग तिच्या गालावरून सरकला. "असाच होता न," ती म्हणाली, "बाबानं मारला तेव्हा." आणि पहिल्यांदा थोडी हसली. "खांदा कसा करत, तुले आठवते?" मला खांदा आठवत होता. तिनं बसल्या बसल्या उजवा खांदा पाडून, तिरकी होऊन हवेत रिंग फेकून दाखवली. हुबेहूब बाबा. आम्हा दोघींशिवाय ते ओळखणारं जगात कुणी नाही.

"हा तू ठेव," मी म्हटलं. "आणि तोही तुझ्याकडेच राहू दे. तुझी बोटं मी पाहिली. स्टीलचा धरवत नाही तुला. तू आता त्यातूनच पाणी पितेस, खरं ना? आणि तो मला देऊन टाकत होतीस."

"नर्स झाली तू आता," ती म्हणाली. पुसलेला गिलास तिनं परत घेतला, पण माझा मला दिला. "तुहा तुह्याजवळच राहू दे. दोघीले दोन देल्ले होते त्यानं."

तिनं जेवायला वाढलं. बोललो ते वरवरचं. पाठदुखी, बोटांसाठी कोणतं तेल, मुलाचा फोन कधी येतो, असलं काहीतरी. निघताना मी दारात घुटमळले. आमच्याकडे निघणाऱ्या माणसाला 'येजो', म्हणजे पुन्हा ये, असं म्हणतात, शत्रूलासुद्धा. तिनं म्हटलं नाही. मी दोन पावलं गेल्यावर मात्र हाक मारली.

"राख आहे काय तुह्या घरी?"

"राख? माझ्याकडे गॅस आहे बाई."

"थांब." चुलीजवळ जाऊन तिनं तुसाची राख एका पिशवीत भरली, तोंड दोरीनं बांधलं आणि माझ्या हातात दिली. 

त्याला आता काही महिने झाले. मी दर पंधरा दिवसांनी आरमोरीला जाते. कधी ती बोलते, कधी नुसती तांदूळ निवडते. 'येजो' अजून म्हणालेली नाही. राख संपली की मागते, ती बांधून देते. सकाळी आलमारीवर ऊन येतं तेव्हा खुर्चीत बसायचं मी सोडलं आहे. त्या वेळी मी मोरीत असते. बाबांनी जिंकलेल्या गिलासातून रोज पाणी पिते आणि रोज तो तुसाच्या राखेनं घासते. मोराच्या छातीवर नखाएवढी जागा फिकट झाली आहे. बाकी रंग अजून तसाच आहे. वेळ लागतो. बाईला नऊ वर्षं लागली होती.